प्रयत्नाने स्वभाव सुधारतो, पण साक्षात्कार होतो का?

मालाडचा_वाटसरू

धागा काढायचं कारण असं की आमच्या ऑफिसात डब्यावर (जेवणाच्या, लोकलच्या नव्हे) गेले काही आठवडे याच विषयावर जुंपली आहे आणि मिटायची लक्षणं नाहीत. म्हटलं, इथे जाणकार आहेत, त्यांच्यापुढे ठेवावं.

एक बाजू म्हणते, पहाटे उठा, ध्यानाला बसा, राग आवरा, जप वाढवा, आज ना उद्या ते होणारच. गीतेतलं 'उद्धरेदात्मनात्मानं' त्यांच्या बाजूचं, आणि तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास' तर आहेच. दुसरी बाजू म्हणते, या सगळ्यात फक्त 'मी' सुधारतो. आणि इतका खपून सुधारलेला मी मग जाईल कशाला?

मला दुसरी बाजू पटते ती चांगदेवांमुळे. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसणारा, हातात सापाचा चाबूक. पण त्याचं घोडं कुठे अडलं? पत्राच्या मायन्यावर. ज्ञानदेव वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर पोरगा. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं झाली, हा अजून कोराच. लोक वाघाची आणि चालत्या भिंतीची गोष्ट रंगवून सांगतात, मला मायना अडतो ती जागा जास्त खरी वाटते. एवढ्या साधनेनंतरही माणूस हिशेब करतोय तो थोरला कोण आणि धाकटा कोण याचाच.

आता मुंबईपुरतं बोलायचं तर उत्तरं तीन पत्त्यांवर मिळतात. गोराईच्या विपश्यना पॅगोडात सांगतात, बसा, स्वतः मेहनत करा, तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही. खेतवाडीच्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज सांगत, तुम्ही ते आहातच, व्हायचं काही नाही. आणि वॉर्डन रोडजवळच्या गमाडिया रोडवर त्यांचेच शिष्य रमेश बाळसेकर, बँक ऑफ इंडियाचे निवृत्त सर्वेसर्वा, सांगत की कर्ताच कुणी नाही, त्यामुळे प्रयत्न करायचा की सोडायचा हेसुद्धा तुमच्या हातात नाही.

माझा कल शेवटच्या दोघांकडे. पण मग पहाटेचा गजर लावायचा कशाला, याचं उत्तर सापडत नाही. बोला.

तिरका_डोळा

साक्षात्कार झाला हे ठरवणार कोण? ज्याला झाला तो सांगतो आणि ज्यांना झाला नाही ते मान डोलावतात. आधी ते सांगा, मग कशाने होतो ते बघू.

तोवर शेंगदाणे घेऊन बसलोय.

ज्योत्स्ना_दादर

वाटसरू, तुकोबांना एका बाजूला बसवू नका हो. गाथेत दोन्ही आहे. 'ओले मूळ भेदी खडकाचे अंग' म्हणणारे तेच, आणि गुरूने स्वप्नात अनुग्रह दिला तेव्हा 'सत्य गुरुरायें कृपा मज केली, परी नाहीं घडली सेवा कांहीं' म्हणणारेही तेच. गंगास्नानाला चालले होते, वाटेत गाठलं आणि डोक्यावर हात ठेवला, असं स्वतः सांगतात. सेवा घडली नाही हे मुद्दाम सांगतात. आणि हाच माणूस भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत होता.

माझं मत विचाराल तर प्रयत्न करणाऱ्यालाच 'माझ्याने काही झालं नाही' असं म्हणायचा अधिकार आहे. घरी लोळून कृपेची भाषा करणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. आमच्या भजनी मंडळात असे दोघे आहेत. तालमीला येत नाहीत आणि एकादशीला माइक सोडत नाहीत.

बाणगंगा

खेतवाडीबद्दल थोडं. निसर्गदत्त महाराजांचं नाव 'काही करू नका' या यादीत घालतात ते अर्धवट वाचून.

त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज, ज्यांची समाधी इथेच वाळकेश्वरला बाणगंगेवर आहे. हे इंचगिरी संप्रदायातले. संप्रदायाचे भाऊसाहेब महाराज उमदीकर ध्यानावर भर देणारे, तासन् तास नामाला बसवणारे. त्यांच्या पश्चात सिद्धरामेश्वरांनी म्हणायला सुरुवात केली की ध्यान ही सुरुवात आहे, त्याच्या पुढे जायला हवं. गुरुबंधूंना ते रुचलं नाही. 'आपल्या गुरूंनी हे शिकवलं नाही' असा आक्षेप आला. तेव्हा सिद्धरामेश्वर गुरूंवर वाद न घालता स्वतःच कित्येक महिने ध्यानाला बसले, आणि मग विहंगम मार्ग सांगू लागले. मुंगीच्या चालीने जाणारा तो पिपीलिका मार्ग आणि पक्ष्यासारखा थेट जाणारा तो विहंगम, ही नावं तिथली. विहंगम म्हणजे श्रवण आणि विचार, विवेकाने थेट स्वतःकडे पाहणं.

गंमत अशी की त्याच भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य गुरुदेव रानडे, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी निंबाळला शेवटपर्यंत नामस्मरणाचाच मार्ग धरला. गुरू एक, फांद्या दोन, आणि आपल्या या धाग्यातलं भांडण शंभर वर्षांपूर्वी तिथे होऊन गेलेलं.

आता निसर्गदत्त. १९३३ मध्ये गुरू भेटले, १९३६ मध्ये गुरू गेले. मधल्या काळात काय केलं? विडीचं दुकान, संसार सांभाळून जो मोकळा वेळ मिळेल तो गप्प बसून 'मी आहे' या जाणिवेकडे पाहण्यात घातला, असं ते स्वतः सांगत. गुरूने सांगितलं ते मानलं आणि केलं. पुढे जगभरातून लोक त्या माळ्यावर येऊ लागले तरी भजनं सुटली नाहीत. आलेल्या गोऱ्या पाहुण्यांनाही टाळ्या वाजवत बसावं लागे. १९८१ मध्ये कर्करोगाने गेले, तोवर बोलणं चालू होतं. आता याला 'प्रयत्न नाही' म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग तुमचा पहाटेचा गजरही प्रयत्न नाही.

मालाडचा_वाटसरू

बाणगंगा, सुंदर. रानडे आणि सिद्धरामेश्वर गुरुबंधू हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं.

पण बाळसेकरांचं काय?

बाणगंगा

बाळसेकर महाराजांकडे आले ते बँकेतून निवृत्त झाल्यावर. महाराजांच्या मराठीचं इंग्रजी करून पाहुण्यांना सांगत. पुढे त्यांनी जे मांडलं ते महाराजांच्या एका धाग्याला ताणून शेवटपर्यंत नेणं होतं, असं माझं मत. तर्काला चोख आहे. पण महाराज समोरच्याला रागावून, ढकलून, प्रसंगी हाकलून 'तळमळ आहे का' असं विचारत. ती बाजू बाळसेकरांकडे पातळ झाली. भक्तांनी मारायला येऊ नये.

जेजेची_पायरी

कृष्णमूर्तींचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाडांखाली त्यांची व्याख्यानं व्हायची, मी कॉलेजात असताना जायचो. पांढरा सदरा, ताठ पाठ, टाळ्या वाजवलेल्या आवडत नसत. त्यांचं म्हणणं वाटसरूंच्या दुसऱ्या बाजूचंच, फक्त जास्त धारदार. हिंसक माणूस अहिंसक व्हायचा प्रयत्न करतो, तेव्हा तो प्रयत्न चालू असेपर्यंत हिंसक राहायची सोयच करून ठेवतो. १९२९ मध्ये स्वतःभोवती उभारलेली संघटनाच मोडून टाकली त्यांनी, सत्याला वाट नाही म्हणून. त्यामुळे धागाकर्त्याशी सहमत, +१.

धम्मपथिक_चेंबूर

सत्याला वाट नाही हे सांगत त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं तो माणूस देशोदेशी हिंडला, हा प्रयत्न नव्हे तर काय? :)

मी बौद्ध आहे, त्यामुळे कृपेच्या भाषेत मला बोलता येत नाही, ती आमच्याकडे नाही. धम्मपदात स्पष्ट आहे, 'तुम्हेहि किच्चं आतप्पं, अक्खातारो तथागता'. मेहनत तुम्ही करायची, तथागत फक्त सांगणारे. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे स्वतंत्र अंग आहे. बुद्धांचं शेवटचं वचनही 'अप्पमादेन सम्पादेथ', गाफील न राहता साधून घ्या. विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींनी भारतात पहिलं शिबिर १९६९ साली मुंबईतच घेतलं, तेव्हापासून हेच सांगितलं जातं. पहाटे चारची घंटा होते आणि बसायचं असतं तुम्हालाच.

पण 'मेहनत' ऐकून लोक जे समजतात ते तसं नाही. शिबिरात गेलेल्याला ठाऊक असेल. छान संवेदना आल्या की माणूस खूश होतो, दुसऱ्या दिवशी त्याच याव्यात म्हणून बसतो आणि येत नाहीत. मग चिडचिड. शिकवायचं तेच असतं, की आलेली पकडू नको, गेलेली बोलावू नको. म्हणजे प्रयत्न पूर्ण हवा आणि फळाची तहान नको.

आनंदाची गोष्ट विनयपिटकात आहे, ती या धाग्यावर यायलाच हवी. बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं. राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे भिक्खूंची सभा भरणार, तिथे अर्हतांनाच, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्यांनाच प्रवेश. आनंदाने पंचवीस वर्षं बुद्धांची सेवा केली, सगळी सुत्तं त्याला मुखोद्गत, पण तो अर्हत नाही. आदल्या रात्री त्याने ठरवलं, उद्या असा जाणं बरं दिसणार नाही. रात्रभर चंक्रमण (येरझाऱ्या घालत ध्यान) केलं, कायानुस्मृती (शरीराकडे सजगपणे पाहणं) केली. काही होईना. पहाट व्हायला आली तेव्हा थकून आडवा व्हायला गेला. पाय जमिनीवरून उचलले होते, डोकं उशीला टेकलं नव्हतं, त्या मधल्या क्षणी मुक्त झाला.

आता ही गोष्ट जेजेची_पायरी सांगतील तर म्हणतील, बघा, सोडलं आणि झालं. मी विचारतो, तो रात्रभर चालला नसता तर आडवं होण्यात विशेष काय होतं? मुंबईत लाखो लोक रोज रात्री थकून आडवे होतात.

आणखी एक. बाबासाहेबांनी निब्बानाचा (निर्वाणाचा) अर्थ इथेच, याच आयुष्यात लावला. विकारांवर इतका ताबा की धम्माच्या वाटेवर चालता यावं. त्या अर्थाने पाहिलं तर स्वभाव सुधारणं आणि मुक्ती यांच्यात धाग्याच्या शीर्षकात जी भिंत घातली आहे तीच राहत नाही. तिरका_डोळा यांच्या प्रश्नालाही त्यात उत्तर आहे. झालंय की नाही हे शेजाऱ्याला विचारा, त्याला कळतं.

तिरका_डोळा

शेवटचं वाक्य आवडलं. शेंगदाणे संपले, पण बसतो अजून.

स्वयंपाकघरातून

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिलंय. आता एक विचारू? शिबिराला माणूस जातो तेव्हा घरी आजारी सासऱ्यांचं कोण बघतं?

आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. शांत झालेत, मान्य. आवाज चढवत नाहीत. पण ते शांत बसलेले असताना बेल त्यांची बायको उघडते, गॅसवाला, कुरिअरवाला, कचरावाली, सगळं तीच. दार वाजलं की ह्यांच्या कपाळावर हलकीशी आठी येते, डोळे मिटलेलेच. ती आठी मी पाहिली आहे. तिला साधनेचा वेळ कधी मिळणार, आणि नाही मिळाला तर तिचा मोक्ष हुकला का?

जनाबाई 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हणाली, ते काही हौसेने नाही. नामदेवांच्या घरची दासी, तिला वेगळं आसन कोण देणार होतं? आणि चोखोबांना तर देवळाच्या आतही जाता येत नव्हतं. प्रयत्नाने मिळतं असं म्हणायचं असेल तर ज्यांच्याकडे प्रयत्नाला वेळ, जागा आणि परवानगी नव्हती त्यांना ते मिळालं कसं, हे आधी सांगा. आपले निम्मे संत त्या बाजूचे आहेत.

ज्योत्स्ना_दादर

ताई, नमस्कार करते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि 'संसारातच परमार्थ' असलं गुळगुळीत उत्तर मी देणार नाही. त्या गृहस्थांनी उठून दार उघडावं.

धम्मपथिक_चेंबूर

ताईंशी पूर्ण सहमत. शील आधी, मग समाधी. दार उघडणं शीलात येतं.

खाचरातला

मी लालबागचा, गाव अलिबागकडे. शास्त्र फार वाचलेलं नाही, पण योगसूत्रांच्या एका वर्गाला जातो. तिथे चौथ्या पादातलं तिसरं सूत्र आलं तेव्हा मला एकदम आजोबा आठवले. सूत्र असं: 'निमित्तमप्रयोजकं प्रकृतीनां वरणभेदस्तु ततः क्षेत्रिकवत्'. निमित्त हे प्रकृतीला चालवत नाही, ते फक्त आडोसा मोडतं, शेतकऱ्यासारखं. व्यासांच्या भाष्यात खुलासा आहे की शेतकरी एका खाचरातलं पाणी हाताने दुसऱ्या खाचरात नेत नाही, तो बांध फोडतो, पाणी आपणहून जातं.

ज्यांनी भातशेती पाहिली नाही त्यांच्यासाठी. वरच्या खाचरात गुडघाभर पाणी साठलेलं, खालचं अजून कोरडं. आजोबा फावड्याने बांधाला तोंड पाडायचे. वीतभरच. मग बाजूला उभे राहून तंबाखू मळायचे. पाणी आधी चिखल घेऊन गढूळ यायचं, मग नितळ. मी लहानपणी हाताने ढकलायला बघायचो, ते हसायचे. आणि एकदा पाणी लागलं की बांध आणखी फोडायचा नसतो, नाहीतर वरचं खाचरही रिकामं होतं आणि सकाळी चुलत्यांशी भांडण ठरलेलं.

मला वाटसरूंच्या गजराचं उत्तर इथे सापडतं. गजर हे फावडं आहे. पाणी आणायचं काम त्याचं नाही, पण बांधाला तोंड पाडायला दुसरं काही चालत नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, सूत्र मुळात एका योनीतून दुसऱ्या योनीत परिणाम कसा होतो त्या संदर्भात आहे, कैवल्याच्या नाही. आमच्या सरांनीही ते बजावलं. तरी मी ते इकडे ओढतोय.

मालाडचा_वाटसरू

खाचरातले दादा, ओढलंत ते बरं केलंत.

मग मला खुपतं ते वेगळंच काहीतरी आहे, ते आता नीट सांगता येतंय. प्रयत्नाबद्दल माझी तक्रार नसावी, मोजणीबद्दल असावी. आजकाल जपाचं ॲप असतं, रोजचा आकडा, सलग किती दिवस झाले त्याची ज्योत, मित्रांच्या यादीत तुमचा नंबर कितवा. विरार गाडीत सकाळी एक बाई उभ्या उभ्या अंगठ्याने टकटक करत होत्या, नाम पुटपुटत होत्या. मध्ये गर्दीचा लोंढा आला, धक्क्याने फोन हातातून निसटला, कुणीतरी झेलून दिला. त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं? काच फुटली का ते नाही. आकडा शून्यावर गेला का ते.

आणि आपल्याकडे हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात 'पुण्याची गणना कोण करी' म्हणून ठेवलंय. चांगदेवांच्या गोष्टीतही चौदाशे हा आकडाच लोकांच्या तोंडी राहिला.

ज्योत्स्ना_दादर

त्या बाईंवर फार बोलू नका. स्मरणीच्या १०८ मण्यांची मोजणीही मोजणीच आहे, आणि तेरा कोटींचा जप करणारे लोकही आपल्याकडे होऊन गेले. मन चंचल असतं, त्याला धरायला काहीतरी लागतं. बारावा अध्याय काढा. माऊली एकेक पायरी खाली उतरून सांगतात, हे जमत नसेल तर ते कर, तेही नसेल तर अमुक कर. 'म्हणौनि अभ्यासासि कांहीं, सर्वथा दुष्कर नाहीं' हे तिथलंच. वाईट मोजण्यात नाही, आकडा दुसऱ्याला दाखवण्यात आहे.

तिरका_डोळा

म्हणजे स्क्रीनशॉट टाकू नये, असा निकाल लिहून घेतो.

कुर्ल्याच्या_बाई

उशिरा आले. संस्कृत शिकवत असे, त्यामुळे सवयीने एक भर घालते. कृपेच्या बाजूने नेहमी फेकला जाणारा मंत्र अजून कुणी फेकला नाही, याचं आश्चर्य वाटलं. 'नायमात्मा प्रवचनेन लभ्यो न मेधया न बहुना श्रुतेन'. प्रवचनाने नाही, बुद्धीने नाही, पुष्कळ ऐकून नाही. 'यमेवैष वृणुते तेन लभ्यः', ज्याला हा वरतो त्यालाच मिळतो. लोक इथे पुस्तक मिटतात.

हा मंत्र कठोपनिषदात आहे आणि मुंडकातही आहे, अक्षरशः तोच. आणि दोन्हीकडे लगेच पुढचा मंत्र काय आहे ते पाहा. कठात: जो दुराचरणापासून परतला नाही, जो शांत नाही, ज्याचं चित्त एकवटलेलं नाही, त्याला हा मिळत नाही. मुंडकात: 'नायमात्मा बलहीनेन लभ्यो न च प्रमादात्'. दुबळ्याला मिळत नाही, गाफिलाला मिळत नाही. दोन वेगवेगळी उपनिषदं, पण हा मंत्र म्हणून झाल्यावर दोघांनाही वाटलं की ऐकणारा आता हातपाय गाळून बसेल, त्याला लगेच उठवलं पाहिजे.

धम्मपथिक, तुमच्या 'अप्पमाद'चं आणि इथल्या 'न च प्रमादात्'चं नातं तुमच्या लक्षात आलंच असेल.

धम्मपथिक_चेंबूर

आलं बाई. वंदन.

तिरका_डोळा

बाई, एक शंका. 'हा ज्याला वरतो' यातला 'हा' कोण? देव माणसाला निवडतो की माणूस देवाला? देव निवडत असेल तर वशिला झाला, मग पुढचे मंत्र कशाला?

कुर्ल्याच्या_बाई

तिरके डोळे, प्रश्न मात्र सरळ विचारलात. भाष्यकारांचं जमत नाही ते इथेच. शंकराचार्य वरणारा साधक घेतात. इतर सगळं सोडून त्या एकाचीच इच्छा धरतो, त्याच इच्छेने तो मिळतो. रामानुज वरणारा परमात्मा घेतात. पण वशिला तिथेही नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या श्रीभाष्यात ते विचारतात, निवडायचा कुणाला? तर जो अत्यंत प्रिय असेल त्याला. आणि परमात्म्याला प्रिय कोण? ज्याला परमात्मा अत्यंत प्रिय आहे तो. अखंड स्मरणातून ते प्रेम येतं, असं त्यांनी तिथे मांडलंय. म्हणजे दोघेही माणसाकडून काहीतरी मागतातच.

पहिल्या सूत्रावरच्या चर्चेतच हे येतं. पुस्तक माळ्यावर आहे. मुलगा आला की काढून घेते आणि मूळ ओळी इथे टाकते.